नऊचा एक्सल, साडेनऊचा नट

१८ ऑगस्टला, रविवारी दुपारी, माझी सायकल पुन्हा रस्त्यावर आली. ४ जुलैला तिचं पुढचं चाक चोरीला गेलं होतं. मधल्या पंचेचाळीस दिवसांत चौकी, सायकलची दुकानं, मुंबईतला नागदेवीचा हार्डवेअर बाजार, कुरिअरवाले आणि कस्टम्स एवढ्या फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे चाकाला बसणारे योग्य नट मिळाले. नटासाठी एवढं होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. तुमची सायकल फिक्स्ड गिअर असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर हे सगळं वाचा. यातला निम्मा त्रास आधी माहिती असती तर टळला असता.

सायकल मी जानेवारी २०२४ मध्ये कोलशेतच्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतली, १८,५०० रुपयांना. ठाण्यातल्या पाचपाखाडीतून कळवा, विटावा करत ऐरोलीला ऑफिसला जायचं. सपाट रस्ता, त्यामुळे गिअरची गरज नव्हती. फिक्स्ड गिअर म्हणजे मागच्या चाकाला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, पाय थांबवता येत नाहीत. पाय मागे दाबून धरले की वेग कमी होतो. सुरुवातीचे दोन आठवडे पोटऱ्या भरून आल्या, मग त्या लयीचं वेड लागलं. पुढचा ब्रेक मात्र मी काढला नाही आणि तुम्हीही काढू नका. चेन उतरली तर पायाचा ब्रेक त्या क्षणी संपतो.

आणि चेन उतरायची. फेब्रुवारीपासून महिन्यातून एकदा तरी मागचं चाक वाकडं व्हायचं आणि टायर डावीकडच्या नळीला घासायचा. फिक्स्ड गिअरच्या फ्रेममध्ये मागच्या चाकाची खाच मागे उघडी असते. चेनच्या ताणानुसार चाक पुढेमागे सरकवता यावं म्हणून ती तशी ठेवलेली असते. पाय पुढे मारा किंवा मागे दाबा, चेन एक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याला, उजव्या बाजूनं पुढेच खेचते. नट कच्चा असला की उजवी बाजू पुढे सरकते, चाक तिरकं होतं आणि चेन ढिली पडते. मला वाटायचं माझ्या हातात जोर नाही. दर वेळी स्क्रू पाना घेऊन मी अजून आवळायचे, आणि दर वेळी नटाचे कोपरे अजून गोल व्हायचे.

४ जुलैला सकाळी धो धो पाऊस होता, म्हणून सायकल स्टेशनजवळच्या एका स्टँडवर लावून ट्रेननं गेले. फ्रेम खांबाला कुलूपबंद केली होती. संध्याकाळी आले तर पुढचा फोर्क जमिनीवर टेकलेला आणि चाक गायब. पुढच्या चाकाला क्विक रिलीज होता. दांडी उलटवली, नट दोन वेढे सैल केला की चाक हातात येतं. दहा सेकंदांचं काम. स्टँडच्या पावतीवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतंच. मला रडू आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही. चिखलात टेकलेला तो फोर्क बघवेना.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेले. नवीन फौजदारी कायदे लागू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. हवालदारांनी चाकाची किंमत विचारली. मी ४,२०० सांगितली. भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे, त्यामुळे एफआयआर नाही, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होईल, असं त्यांनी समजावलं. सायकलचं बिल मागितलं. माझ्याकडे फक्त विकणाऱ्याशी झालेलं चॅट आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट होता. फ्रेम नंबर विचारला, तोही माहीत नव्हता. घरी येऊन सायकल उलटी केली, पॅडलच्या खालच्या नळीवरची माती खरवडली, तेव्हा आकडे दिसले. परत गेले, दीड तास बसले आणि एनसीची प्रत घेऊन आले. चाक मिळालं नाही. पण तुम्ही आजच फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवा आणि सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून सहीचं दोन ओळींचं पत्र घ्या.

९ जुलैला नेरूळच्या एकाकडून जुनं पुढचं चाक मिळालं, २,२०० रुपयांना. त्याच्या आदल्या दिवशीच लोकल ठप्प झाल्या होत्या, तरी मी संध्याकाळी जाऊन आणलंच. हे चाक मला आवडलं ते त्याच्या भरीव एक्सलमुळे. क्विक रिलीज नको, नट पाहिजे, एवढं ठरलं होतं. फक्त त्याचे नट हरवलेले होते. १० तारखेला आमच्या बाजूच्या सायकलवाल्याकडे गेले. त्यांनी डब्यातून दोन नट काढले, बोटानं फिरवून बघितले, पान्यानं आवळले. तीस रुपये. मी खूश.

१२ जुलैला सकाळी स्पीडब्रेकरवर पुढून ‘खट्’ असं झालं. ब्रेक दाबला तर हँडल थरथरलं. उतरून बघते तर चाक एका बाजूनं फोर्कमधून निसटून तिरकं झालेलं, टायर ब्रेकच्या पॅडवर. नट एक्सलवरच होता, पण हातानं ओढला तर आटे न फिरताच पुढेमागे होत होता. मी वेगात नव्हते, मागे रिक्षा नव्हती, म्हणून निभावलं. सायकल हातानं ढकलत घरी आणली. ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली. बराच वेळ हात गार पडले होते.

बाबा निवृत्त टर्नर. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं लेथवर उभे राहिले. माझ्या सायकलच्या नादात ते कधी पडले नव्हते आणि मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्या रविवारी त्यांनी नट हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, “अगं, हा नट या एक्सलचा नाहीच. माझी पेटी आण.”

पेटीतून व्हर्नियर आणि पिच गेज निघाला. पिच गेज म्हणजे चाकूसारख्या उघडणाऱ्या पातळ पात्यांचा जुडगा. प्रत्येक पात्याला वेगवेगळे दाते असतात. जे पातं आट्यांत फट न ठेवता बसतं, तो त्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. बाबांनी व्हर्नियर एक्सलवर लावला आणि मला वाचायला लावलं. ८.९ मिलिमीटर. म्हणजे नऊचा एक्सल, पिच एक मिलिमीटर. फिक्स्ड गिअरच्या, म्हणजे ट्रॅक पद्धतीच्या, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) पुढे सहसा हेच माप असतं आणि मागे दहाचा एक्सल, पिच तोच. आणि सायकलवाल्यांनी लावलेला नट होता ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा. आपल्या साध्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला असतो तो.

“मग तो बसला कसा?” मी विचारलं.

“तिथेच तर फसगत होते. याला इंचाला सव्वीस आटे. तुझ्या एक्सलला एक मिलिमीटरचा पिच, म्हणजे इंचाला साधारण साडेपंचवीस. डोळ्याला एकच दिसतात. बोटानं फिरवला तर सरसर जातो. पण आट्याचं टोक टोकालाच टेकतं, आत शिरत नाही. आवळलास की टोकं कापली जातात.”

त्यांनी तो नट पांढऱ्या कागदावर आपटला. आतून केसासारख्या बारीक, वळलेल्या, चमकणाऱ्या तारा पडल्या. तेच माझे आटे. नट मऊ लोखंडाचा होता म्हणून तो गेला, एक्सलचे आटे थोडे घासले तरी वाचले. बाबांनी ते तिकोनी कानशीनं साफ करून दिले. उलटा प्रकार आणखी वाईट: दहाचा नट ३/८ च्या एक्सलवरही असाच ढिला चढतो. म्हणून नवा नट कधीही नुसत्या बोटानं तपासू नका. पूर्ण चढवा आणि बाजूला हलवून बघा. खडखडला तर तो तुमचा नाही. आणि घट्ट बसत असेल तर पान्यानं रेटू नका. आटे बरोबर असतील तर नट शेवटपर्यंत बोटांनी जातो.

मग मागच्या नटाची पाळी. तो होता बरोबर मापाचा, पण साधा षटकोनी नट आणि खाली गुळगुळीत वायसर. बाबांच्या मते इथे फ्लँज नट हवा. नटालाच जोडलेली, पण वेगळी फिरणारी गोल चकती, खालून दातेरी. नट फिरतो, चकती जागेवर राहते, आणि तिचे दाते फ्रेममध्ये रुततात. माझ्या हातात जोर कमी नव्हता. सगळा जोर त्या गुळगुळीत वायसरवर वाया जात होता.

२० जुलैला, शनिवारी, बाबांना घेऊन मशीद बंदर स्टेशनला उतरले आणि नागदेवीत गेलो. पाऊस, हातगाड्या, खोक्यांचे ढीग. चार दुकानांत विचारलं. “दहाचा ना? दीडचा आटा देऊ की सव्वाचा?” हाच प्रश्न सगळीकडे. दहाच्या बोल्टला बाजारात दीडचा पिच चालतो, बारीक हवा असेल तर सव्वाचा. एकचा कुणी ठेवत नाही आणि नऊ हे मापच कुणाच्या कपाटात नव्हतं. बाबांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये नट बनवून घ्यावा असंही मनात आलं, पण नऊ-एकचा टॅप (नटात आटे पाडायचं हत्यार) तिथे नव्हता आणि दोन नटांसाठी तो मागवणं परवडणारं नव्हतं.

पाने मात्र नागदेवीतच घेतले आणि तिथला तासभर फार छान गेला. फिक्स्ड गिअरला एक माप सगळ्यात महत्त्वाचं: १५. मागचे आणि बहुतेकदा पुढचेही नट पंधराच्या पान्याचे असतात. पॅडलही पंधराच्याच पान्यानं निघतात, फक्त तिथे पातळ पाना लागतो. टपारियाचा १४-१५ चा रिंग पाना घरासाठी आणि पंधराचा एक बाजू रिंग, एक बाजू उघडी असा पाना पिशवीत ठेवायला घेतला. दोन्ही मिळून ४२० रुपये. स्क्रू पाना मी तेव्हापासून चाकाला लावलेला नाही. त्याचा जबडा थोडा हलतोच आणि कोपरे खातो. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी धरतो.

मला खिशात मावणारा बुटका पाना हवा होता. दुकानदारांनी दाखवलाही. बाबांनी तो परत ठेवायला लावला. अशा एक्सल नटांना साधारण तीस ते चाळीस न्यूटन-मीटर आवळ लागते. पंधरा सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर वीस किलोचा दाब दिला तर जेमतेम तीस होतात. त्याहून आखूड पान्यानं माझ्या हाताला ते जमणारच नाही. परदेशात पेड्रोज कंपनीचं ट्रिक्सी म्हणून फिक्स्ड गिअरसाठीचं एक हत्यार मिळतं. पंधराची रिंग, लॉकरिंगचा (मागचं दातेरी चक्र जागेवर धरणाऱ्या कडीचा) आकडा आणि ॲलन की, सगळं एकाच पट्टीत. छान आहे, पण मला आधी नट हवे होते.

लॉकरिंगचा पाना मी ऑनलाइन ६५० रुपयांना मागवला. मागच्या हबवर दातेरी चक्र साध्या आट्यांवर चढतं आणि त्याच्या बाहेरून लॉकरिंग उलट्या आट्यांवर बसते. पाय मागे दाबले की चक्र सुटायला बघतं. ते सुटू लागलं की लॉकरिंगला सोबत फिरवतं आणि तिचे आटे उलटे असल्यामुळे ती आणखी घट्ट होते. हे कळल्यावर मी दहा मिनिटं नुसती हबकडे बघत बसले होते. सोडवताना लक्षात ठेवा: लॉकरिंग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सुटते. चक्र धरायची चेन लावलेली पट्टी बाबांनी घरीच केली, जुनी चेन आणि लोखंडी पट्टी रिव्हेट करून.

आता पुढचे नट. पर्याय बरेच वाचले. ज्यांच्या हबला पोकळ एक्सल आहे त्यांनी क्विक रिलीजच्या जागी पाचच्या ॲलन कीनं उघडणारी सळी लावावी. स्वस्त आहे. ॲलन की घेऊन फिरणारा चोर थांबणार नाही, पण जाता जाता दांडी उलटवणारा थांबतो. हेक्सलॉक्स नावाचा एक प्रकार आहे, त्यात बोल्टच्या ॲलनच्या खड्ड्यात लोहचुंबकानं चिकटणारा छोटा तुकडा बसवतात आणि तो फक्त आपल्या किल्लीनं निघतो. जर्मनीच्या अबसचे नट असे आहेत की सायकल आडवी केल्याशिवाय उघडत नाहीत. कल्पना सुंदर आहे, पण आमच्या स्टँडवर सायकली एकमेकींवर कलंडलेल्याच असतात. मी किल्लीचे नट निवडले. नटाचं बाहेरचं तोंड गोल असतं, साधा पाना धरतच नाही. आपल्या किल्लीचा छोटा तुकडा त्यावर बसवायचा आणि मग फिरवायचं. मागे साधेच फ्लँज नट ठेवले, कारण कुलूप मी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून एकदम घालते.

फ्लँज नट देशातल्याच एका ऑनलाइन दुकानात मिळाले, दहा-एकचे, जोडी ४८० रुपये, नऊ दिवसांत आले. नऊ-एकचे किल्लीचे नट कुठेच नव्हते. २१ जुलैला बाहेरून मागवले: नट २,७५०, पाठवणी १,६००.

१ ऑगस्टला मेसेज आला की पार्सल मुंबईत आलंय आणि केवायसी हवं. लिंकवर आधार अपलोड केलं. नाकारलं गेलं, कारण ऑर्डरवर माझं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं. पॅनकार्ड जुन्या नावाचं होतं, ते चाललं. चार दिवसांनी दुसरा मेसेज: वस्तूचं वर्णन अपुरं. पार्सलवर दुकानानं नुसतं ‘लॉक नट सेट’ लिहिलं होतं. मी साध्या कागदावर पत्र लिहिलं: सायकलच्या पुढच्या चाकाचे स्टीलचे नट, संख्या दोन, किल्ल्या दोन, स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही. सोबत बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि त्या वस्तूच्या वेबपानाचा प्रिंटआउट. स्कॅन करून पाठवलं. मग आठ दिवस काहीच हालचाल नाही. कुरिअरच्या हेल्पलाइनवर रोज एकच उत्तर. मला रोज सकाळी भिंतीला टेकलेली सायकल दिसायची आणि छातीत कळ यायची, मग छत्री घेऊन रिक्षाच्या रांगेत. १४ ऑगस्टला ड्युटी आणि कुरिअरचा हाताळणी खर्च मिळून १,३२० भरा असा मेसेज आला. लगेच भरले. १७ ला पार्सल घरात.

बाहेरून मागवणाऱ्यांनी तीन गोष्टी आधीच कराव्यात: ऑर्डरवर ओळखपत्रावरचंच नाव घाला, दुकानाला ईमेल करून पार्सलवर ‘सायकलचे सुटे भाग’ असं स्पष्ट लिहायला सांगा, आणि बिलाची पीडीएफ हाताशी ठेवा.

१८ तारखेला गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसलो. पुढचं चाक सोपं. आट्यांना ग्रीसचा पातळ हात, नट शेवटपर्यंत बोटांनी, मग सायकल जमिनीवर उभी करून वजन चाकावर येऊ द्यायचं म्हणजे एक्सल खाचेत सरळ बसतो, आणि मग दोन्ही बाजू आळीपाळीनं आवळायच्या. ठाण्याच्या पावसात ग्रीस न लावता नट बसवलात तर दिवाळीपर्यंत तो गंजून चिकटतो. मात्र दातेरी चकती आणि फ्रेम जिथे भेटतात तिथे ग्रीस लावू नका. ती जागा फडक्यानं कोरडी करा.

मागच्या चाकाला तासभर गेला. चाक मागे ओढायचं, उजवा नट जरासा आवळायचा, मग टायर दोन नळ्यांच्या मधोमध आणत डावा आवळायचा, मग डावा सैल, उजवा सैल, असं चाक पावलापावलानं मागे न्यायचं. चेन वरच्या बाजूला मधोमध दाबली तर साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. तारेसारखी ताणलीत तर बेअरिंग जातात. पॅडल पूर्ण फिरवून चारपाच ठिकाणी दाबून बघा, कारण पुढचं चक्र क्वचितच अगदी गोल असतं. जिथे चेन सगळ्यात घट्ट होते तिथे थोडी ढील राहिली पाहिजे. आवळ किती ते हाताला कळावं म्हणून बाबांनी वर्कशॉपमधून एका दिवसापुरता टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला आवाज करणारा पाना, आणला होता. पस्तीस न्यूटन-मीटरला त्यानं ‘कट्’ केलं. मग साध्या पान्यानं तसंच आवळून, पुन्हा रेंच लावून तपासायचं. सहाव्या वेळी माझा हात बरोबर थांबला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पाना माझ्याच हातात राहू दिला.

शेवटी त्यांनी नटापासून फ्रेमपर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट सरकला. सकाळी लिफ्टमध्येच दिसतं. पहिल्या आठवड्यानंतर मागची रेघ केसभर सरकली होती, नवीन चकती रुतते तेव्हा तसं होतं. पुन्हा आवळला, नवी रेघ ओढली.

खर्च सगळा मिळून ९,४५० रुपये: चाक २,२००, चुकीचे नट ३०, मागचे नट ४८०, पुढचे नट कस्टम्ससकट ५,६७०, पाने १,०७०. किल्लीच्या नटांवर एवढे घालवावेत का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. सायकल घरात किंवा ऑफिसच्या आतच राहणार असेल तर साधे नट पुरतात, मीही तेच घेतले असते. किल्ल्यांपैकी एक देवघराच्या खणात आहे, दुसरी टूलच्या पिशवीला दोऱ्यानं बांधलेली. सोबत आलेल्या कोडच्या कार्डाचा फोटो नवऱ्याच्या फोनमध्येही आहे.

३० सप्टेंबरला विटाव्याच्या पुलाखालून बाहेर पडले आणि मागचं चाक बसलं. खिळा होता. आधी अशा वेळी मी रिक्षा शोधायचे. या वेळी फुटपाथवर सायकल उलटी केली, पंधराचा पाना काढला आणि दोन्ही नट एकेका झटक्यात सुटले. ट्यूब बदलली, चाक पावलापावलानं मागे नेलं, चेन दाबून बघितली, आवळलं. बत्तीस मिनिटं लागली. रेघेसाठी पेंट नव्हता, म्हणून पिशवीतल्या लिपस्टिकनं ओढली. संध्याकाळी घरी आले तेव्हा रेघ जुळलेली होती. बाबांनी वाकून बघितली आणि लाल रंग पुसून त्यावर पांढरी ओढायला बसले.